दोह्यो आणि दीक्षाभूमी

जुलै १९७२ मध्ये नागोयाची सुमो स्पर्धा संपली आणि सम्राटाच्या नावाचा करंडक घ्यायला मातीच्या आखाड्यात उभा राहिला तो जेसी कुहाउलुआ, हवाईतल्या माउई बेटावर १९४४ साली जन्मलेला गडी. आखाड्यातले त्याचे नाव ताकामियामा. परदेशात जन्मलेल्या, आणि तसे उघडपणे ओळखल्या जाणाऱ्या मल्लाने सुमोच्या सर्वोच्च गटाची स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा अभिनंदनाचा संदेश त्यांच्या राजदूताने तिथेच इंग्रजीत वाचून दाखवला. त्या मातीवर इंग्रजी शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले ते तेव्हा, असे सांगतात. त्याच वर्षांत उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्यात ओकायामा प्रांतातून आलेला एक जपानी भिक्खू मुक्काम ठोकून होता. हवाईचा माणूस जपान्यांच्या आखाड्यात शिरला होता आणि जपानचा माणूस नागपूरच्या वस्तीत. दोघांनी पुढे आपापल्या मूळ देशाचे नागरिकत्व सोडले, दोघांना नवी नावे मिळाली, दोघे आपापल्या ठिकाणी वडीलधारे झाले. परक्याला आत घेणे ही मनाच्या मोठेपणाची गोष्ट, असे आपण सहज बोलून जातो. ही दोन आयुष्ये शेजारी ठेवली की मला ते पटेनासे होते. दार किती उघडायचे हे घरातल्यांच्या स्वभावापेक्षा किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावर ठरते, असे मला वाटते. आणि नागपूरचा १९५६ नंतरचा इतिहास हा त्याचा आपल्याजवळचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

आधी सुमोची किल्ली कुठे असते ते पाहू. सुमोचा आखाडा, म्हणजे दोह्यो, हा चिकणमातीचा चौथरा. त्यावर भाताच्या पेंढ्याच्या पोत्यांनी आखलेले वर्तुळ. पायाचा तळवा सोडून अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला किंवा पाय वर्तुळाबाहेर पडला की कुस्ती गेली. वर्षात सहा मोठ्या स्पर्धा होतात, एकेक पंधरा दिवसांची, आणि कोण किती कुस्त्या जिंकला यावरून पुढच्या वेळची पायरी ठरते. इतका रोकडा हिशेब दुसऱ्या कुठल्या परंपरेत क्वचितच सापडेल. पण मल्ल राहतो तो 'हेया'त. आपल्याकडच्या तालमीशी तिचे नाते चटकन जुळते: पहाटेचा सराव, वडीलधाऱ्या मल्लांची सेवा, एकत्र शिजणारे जेवण, आणि सगळ्यांवर वस्तादाचा, त्यांच्या भाषेत ओयाकाताचा, शब्द. फरक असा की आपल्याकडे कोणी जुना पैलवान गावात चार पोरे जमवून तालीम काढू शकतो. जपानमध्ये वस्ताद व्हायला सुमो संघटनेच्या १०५ ज्येष्ठपदांपैकी एक हाती असावे लागते. ही पदे नावानिशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. ती संख्या वाढत नाही. आखाड्यातला हिशेब रोकडा असला तरी घराचा सातबारा त्या १०५ जणांच्या नावावर आहे.

ताकामियामा १९६४ मध्ये ताकासागो हेयात दाखल झाला तेव्हा या सातबाऱ्याचा प्रश्न कोणाच्या मनातही नसणार. त्याच्या आधी कोरियात जन्मलेला रिकिदोझान वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचला होता, पण त्याचा जन्म जपानमधलाच असे लोकांना सांगितले जाई; म्हणजे परकेपण लपवले तरच चालत होते. ताकामियामाला लपवण्यासारखे काही नव्हते. सहा फुटांवर उंची, दोनशे किलोच्या घरातले वजन, गालांवर भरघोस कल्ले. त्याने केस वाढवून अंबाडा बांधला, किमोनो घातला, भाषा शिकला, मिळेल ते खाल्ले. १९६८ मध्ये तो सर्वोच्च गटात पोचला आणि मग हटलाच नाही: त्या गटातल्या सलग १,२३१ कुस्त्या एकही दिवस न चुकवता, हा त्या काळचा विक्रम. खालच्या पायरीवर असताना त्याने बारा वेळा योकोझुनाला, म्हणजे सर्वोच्च मल्लाला, लोळवले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. आणि नेमक्या याच काळात, १९७६ मध्ये, संघटनेने नियम केला की ज्येष्ठपद फक्त जपानी नागरिकालाच मिळेल. नियमात कोणाचे नाव नव्हते. पण तेव्हा त्या दाराजवळ पोचलेला परदेशी मल्ल जवळपास एकटा हाच होता, हे सांगायला कागद लागत नाही. ताकामियामाने १९८० मध्ये जपानी नागरिकत्व घेतले, वातानाबे दाइगोरो झाला, चाळिशीला टेकल्यावर १९८४ मध्ये आखाडा सोडला आणि १९८६ मध्ये आझुमाझेकी ही स्वतःची हेया काढली. परदेशात जन्मलेला पहिला वस्ताद. त्याच्याच हाताखाली तयार झालेला हवाईचा आकेबोनो जानेवारी १९९३ मध्ये पहिला परदेशी योकोझुना झाला.

इथे कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? दार उघडलेच की. आकेबोनोनंतर मुसाशिमारू, मग आसाशोर्‍यू, हाकुहो, हारुमाफुजी, काकुर्‍यू, तेरुनोफुजी आणि २०२५ मध्ये होशोर्‍यू असे आकेबोनोसह आठ योकोझुना परदेशात जन्मलेले, त्यातले सहा मंगोलियाचे. आक्षेप खरा आहे, म्हणून तपशिलात जायला हवे. आकेबोनोच्या आदल्याच वर्षी कोनिशिकी या दुसऱ्या हवाईयन मल्लाला तीन स्पर्धा जिंकूनही योकोझुनापद मिळाले नव्हते. शिफारस करणाऱ्या समितीच्या एका सदस्याने तर मासिकात लेख लिहून परदेशी योकोझुना नकोच असे म्हटले. त्यानंतर काही महिन्यांत आकेबोनोला पद मिळाले तेव्हा जुने सगळे योकोझुना निवृत्त होऊन ती पायरी रिकामी पडली होती. आखाड्याला गरज लागली आणि कुलूप निघाले. दुसरीकडे परदेशी मल्लांची संख्या बांधून टाकण्याचे काम चालूच राहिले: १९९२ नंतर नवे परदेशी घ्यायचेच नाहीत असा अलिखित करार, मग एकूण चाळीसची मर्यादा, मग २००२ पासून एका हेयात एकच परदेशी. २०१० मध्ये तर यावर कडी झाली. तोवर एखाद्याने जपानी नागरिकत्व घेतले की त्याची 'परदेशी' जागा मोकळी होई. नव्या नियमाने मोजदाद जन्मावरून सुरू झाली. ज्या कागदासाठी ताकामियामाने आपला देश सोडला, त्या कागदाने माणूस ज्येष्ठ होऊ शकतो पण देशी होऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ.

हाकुहोचे उदाहरण याहून बोलके आहे. ४५ स्पर्धा, १,१८७ विजय. सुमोच्या लिखित इतिहासात इतके कोणाचेच नाहीत. पूर्वी अशा असामान्य योकोझुनांना संघटना एक वेगळा मान देई: १०५ पदांबाहेर, स्वतःच्याच नावाने, हयातीपुरते ज्येष्ठपद. ताइहो, कितानोउमी, ताकानोहाना यांना ते मिळाले होते. हाकुहोने २०१९ मध्ये जपानी नागरिकत्व घेतले आणि २०२१ मध्ये, त्याच्या निवृत्तीच्या काही महिने आधी, सल्लागार समितीने ही प्रथाच बंद करावी असा अहवाल दिला. त्याला नेहमीचे पद मिळाले, तेही नियम पाळीन असे लिहून घेऊन. हाकुहोच्या वागण्याबद्दल तक्रारी होत्या, आणि पुढे त्याच्या हेयात एका मल्लाने धाकट्यांना मारहाण केल्याचे प्रकरण घडले, हेही खरे. तो काही निष्कलंक हुतात्मा नव्हे. पण प्रथा मोडण्याची वेळ कोणती निवडली गेली, ते नजरेआड करता येत नाही. २०२५ मध्ये त्याने संघटना सोडली.

मराठी वाचकाच्या मनात या जागी कोल्हापूर येणार. शाहू महाराजांनी रोमचा भव्य आखाडा पाहून खासबागेचे मैदान बांधून घेतले आणि १९१२ मध्ये त्याच्या उद्घाटनाची जोड लावली ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या पंजाबच्या पैलवानांची. स्वतःच्या मैदानाचा नारळ बाहेरच्या मल्लांच्या हातून फोडणारे संस्थान! उदारपणा म्हणून हे उदाहरण फार वेळा दिले जाते, आणि महाराजांचे मन मोठे होते यात शंका नाही. पण माझ्या मुद्द्याला ते वेगळ्या बाजूने लागू पडते. तिथे किल्ली एकट्या राजाकडे होती. त्याला वाटले की दार सताड उघडे, आणि राजाश्रय गेला की दारही गेले. नागपूरची गोष्ट याहून निराळी आहे, कारण तिथे किल्लीच वितळवून टाकण्यात आली.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना त्रिशरण-पंचशील दिले ते कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थवीरांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. म्हणजे नागपुरातल्या या सोहळ्याचा पहिला विधीच परदेशात जन्मलेल्या माणसाच्या मुखातून झाला, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडल्याचे इतिहासात नाही. त्याहून महत्त्वाचे पुढचे. स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेब लाखोंच्या समुदायाकडे वळले आणि त्यांनी स्वतःच त्या सर्वांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसकट. चीवर न घेतलेल्या उपासकाने लाखोंना धम्मात घ्यावे, ही कुठल्याही बौद्ध देशातल्या रुळलेल्या वाटेला सोडून असलेली गोष्ट होती. भिक्खूंच्या हातातला मक्ता तिथेच संपला. ज्या समाजाला शतकानुशतके पुजाऱ्याच्या जन्मावरून देवळाच्या पायरीखाली ठेवले गेले, त्याने नवे घर बांधताना पुजाऱ्याची खोलीच काढली नाही. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले ते सांगितले: बुद्धाचा धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची ही भूमी. हे कारण स्थानाभिमानाचे खरे, पण त्यात अट जन्माची नाही, कामाची आहे.

आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्याच दिवशी संघरक्षित नागपुरात येऊन पोचले होते. १९२५ मध्ये लंडनला जन्मलेले, मूळचे डेनिस लिंगवूड, कलिम्पाँगला राहणारे इंग्रज भिक्खू. कस्तुरचंद पार्कवरच्या शोकसभेत स्थानिक नेत्यांना हुंदके आवरेनात, तेव्हा बोलले ते हे इंग्रज. पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांत त्यांच्या सभा झाल्या. ते इंग्रजीत बोलत, कोणी मराठीत सांगे. राज्य सोडून इंग्रजांना जेमतेम नऊ वर्षे झाली होती. पोरक्या झालेल्या लोकांना धीर कोणी द्यावा याचे नियम लिहिलेले नव्हते, म्हणून ज्याला देता आला त्याने दिला.

इंदोऱ्यातले ते जपानी भिक्खू, भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई, येतात ते या मोकळ्या पडलेल्या जागेत. जन्म १९३५. तरुणपणी ते जपानच्या रोक्योकू या गात गात कथा सांगण्याच्या कलेत होते. मग तोक्योजवळच्या ताकाओ डोंगरावरच्या शिंगोन पंथाच्या मठात त्यांनी दीक्षा घेतली. तिथून थायलंड, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत. राजगीरच्या शांतिस्तूपाच्या कामात ते निप्पोन्झान म्योहोजी या जपानी पंथाच्या भिक्खूंबरोबर होते. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की एका रात्री नागार्जुनाने दर्शन देऊन नागपूरला जा म्हटले. शिंगोन परंपरेत नागार्जुन हे आद्य गुरूंपैकी एक. दक्षिण भारतातल्या एका लोखंडी मनोऱ्यात त्यांना गुह्य धर्मग्रंथ मिळाले अशी तिथली कथा आहे. तो मनोरा शोधायला निघालेला माणूस इंदोऱ्यात येऊन थांबला. या दर्शनाचे आणि बावीस प्रतिज्ञांचे नाते सरळ नाही. बाबासाहेबांचा धम्म चमत्काराला थारा न देणारा, तर्काच्या कसोटीवर घासलेला. ससाईंचा नागार्जुन स्वप्नात येणारा. सुमोच्या हेयात असा माणूस एक आठवडाही टिकला नसता, कारण तिथे परक्याने आपले सगळे दाराबाहेर काढून ठेवायचे असते: नाव, केस, जेवण, चालण्याची ढब. नागपूरने ससाईंना तसे सोलून घेतले नाही. मला दिसते ते असे, की वस्तीने त्यांचे कष्ट घेतले, लढे घेतले, आणि लोखंडी मनोरा त्यांचा त्यांच्याकडे राहू दिला. पुढे १९९८ पासून रामटेकजवळच्या मनसरला त्यांच्या पुढाकाराने उत्खनन झाले, तिथल्या टेकडीत त्यांना आपला नागार्जुन दिसला, तर हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती जागा वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर ठरवली. वाद विद्वानांचा आहे. पण वाकाटकांच्या इतिहासाला तिथे जे विटा-शिल्पांचे घबाड मिळाले, ते जपानी दंतकथेच्या मागे लागलेल्या माणसामुळे, हा गमतीचा भाग सोडवत नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न ससाईंनाही चुकला नाही, आणि इथे माझ्या तुलनेवर सरळ आघात करता येतो. ताकामियामाला कागद लागला, ससाईंनाही लागला. मग फरक कुठे? फरक कागद कोणी मागितला यात आहे. जपानमध्ये तो घरच्यांनी, संघटनेने, मागितला. भारतात मागितला तो सरकारने, आणि व्हिसाची मुदत संपलेल्या भन्तेंना देशाबाहेर काढण्याची वेळ आली तेव्हा घरच्यांनी लाखो सह्या गोळा करून दिल्लीला पाठवल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना नागरिकत्व मिळाले. त्याचा उपयोग लगेच कळला. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने महाबोधी विहाराच्या व्यवस्थापन समितीत चार हिंदू आणि चार बौद्ध सदस्य, आणि हे सगळे भारतीयच हवेत. जगभरच्या बौद्धांचे सर्वांत पवित्र ठिकाण, आणि किल्ली अशी वाटलेली. १९९२ पासून ससाईंनी या कायद्याविरुद्ध जे आंदोलन उभे केले, ते परदेशी पारपत्रावर करता आले नसते. नंतर ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर बौद्धांचे प्रतिनिधी झाले, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले. ओकायामात जन्मलेला माणूस १४ ऑक्टोबरच्या जागेचा राखणदार! नागोयाच्या करंडकापेक्षा ही घटना मोठी आहे, असे मी म्हणेन.

उरलेला आक्षेप सर्वांत वजनदार. सुमो हा एका राष्ट्राचा खेळ, धम्म सगळ्या माणसांचा. मग तुलनाच चूक. हे वरवर पटते. पण तत्त्व विश्वाचे असले म्हणून दार उघडे राहतेच असे नाही, याचा पुरावा समुद्रापलीकडेच आहे. श्रीलंकेत उपसंपदेची, म्हणजे पूर्ण भिक्खुदीक्षेची, परंपरा तुटली होती, ती १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली स्थविरांनी पुन्हा सुरू करून दिली. त्यातून सियाम निकाय उभा राहिला. आणि परदेशी भिक्खूने उघडून दिलेल्या या संघाचे दार थोड्याच वर्षांत गोविगम जातीखेरीज इतरांना बंद झाले. शिकवण तीच, बुद्ध तोच. फक्त किल्ली घरंदाजांच्या हातात गेली होती. उलट, नागपूरच्या नवबौद्धांना भिक्खूंची गरजच इतकी होती की मिळेल तो घेतला, असे कोणी म्हटले तर मी ते नाकारणार नाही. गरज होतीच. पण गरज सुमोलाही १९९३ मध्ये होती, आणि तिने एक जागा भरून घेतल्यावर मर्यादा आणखी आवळली. नागपुरात गरज भागल्यावर तसे झाले नाही: पंजाबात जन्मलेले भदन्त आनंद कौसल्यायन अखेरची वर्षे इथेच राहिले, आणि १९७७ मध्ये धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी योगायोगाने नागपुरात उतरलेले संघरक्षितांचे इंग्रज शिष्य लोकमित्र इथल्या चळवळीत कायमचे गुंतले. दीक्षाभूमीलाही आता समिती आहे, घटना आहे, कुलपे आहेत. १ जुलै २०२४ रोजी तिथल्या भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो लोक आवारात शिरले आणि काम थांबवावे लागले. त्या दिवशी किल्ली कोणाची हे समितीलाही समजले.

सुमो संघटनेचा २०१० चा नियम इंदोऱ्याला लावला असता तर हिशेब सोपा होता. एका घरात एक परदेशी, मोजदाद जन्मावरून, नागरिकत्वाची सबब नाही. इंदोऱ्यातली ती एक जागा ओकायामाच्या माणसाने भरली असती, आणि लोकमित्रांना पुढच्या गाडीने परत पाठवावे लागले असते. त्यांच्या चळवळीचे नागलोक हे केंद्र आज कामठी रस्त्यावर आहे, आवारात चालत्या बुद्धाची उंच मूर्ती उभी आहे.